एका बाजूची झेरॉक्स

मी काय बनवतो हे आईला समजावून सांगायला मला तीन रविवार लागले. चौथ्या रविवारी तिनंच ते शेजारच्या मावशींना समजावून सांगितलं, आणि माझ्यापेक्षा बरं सांगितलं.

आम्ही तेव्हा वर्तकनगरला राहायचो, वसाहतीतल्या दोन खोल्यांत. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. वडील गेलेले, दादा अमेरिकेत आणि घरात आई नि मी. सकाळी सगळं ठाणं मुंबईच्या दिशेला धावायचं तेव्हा मी उलटीकडे, डोंबिवलीला जायचो. गाडीत खिडकी मिळायची, पाय पसरायला जागा मिळायची, आणि तरी मला वाटायचं की आपण चुकीच्या बाजूला चाललोय. डोंबिवलीहून पुढे बस, मग मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीतला एक गाळा. डावीकडे रंगाचा कारखाना, उजवीकडे औषधांच्या पावडरचा, आणि मध्ये आम्ही चार माणसं काचा घासत बसलेलो. मालक म्हणजे निवृत्त झालेले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. धुतलेल्या भाषेत बोलायचे आणि चूक दाखवताना आवाज आणखी मऊ करायचे, त्यामुळे जास्त लागायचं.

आम्ही बनवत होतो ती वस्तू मुठीएवढी. एका टोकानं उजेड आत गेला तर दुसऱ्या टोकानं बाहेर पडतो, पण दुसऱ्या टोकानं आत शिरला तर पहिल्या टोकाला पोचत नाही. आयसोलेटर. प्रयोगशाळांना तो लागायचा, कारण लेसर हे फार नाजूक प्रकरण असतं. त्याचा उजेड वाढवायला पुढे अ‍ॅम्प्लिफायर ठेवतात, आणि अ‍ॅम्प्लिफायरला समोर-मागे काही कळत नाही. पुढच्या एखाद्या काचेवरून चिमूटभर उजेड परतला तरी तो त्यालाही वाढवतो आणि मागे ढकलतो. मग ज्या लेसरनं उजेड दिला तोच बिघडतो, कधी तडकतो. म्हणून दोघांच्या मध्ये आम्ही.

आईला मी खालच्या जिन्यातल्या पत्रपेटीवरून सांगितलं होतं. उजेड म्हणजे पोस्टकार्ड समज. पहिली फट आडवी, कार्ड आडवं असेल तरच आत जाईल. आत टर्बियम नावाचं द्रव्य घातलेल्या काचेची कांडी आहे आणि तिच्याभोवती चुंबकाची कडी. त्या कांडीतून जाताना कार्ड पंचेचाळीस अंश कलतं. दुसरी फट तेवढीच तिरकी ठेवलेली, म्हणून कार्ड सुखरूप बाहेर. आता तेच कार्ड मागे फिरलं तर? आपल्याला वाटेल, जाताना कललं तसं येताना सरळ होईल. साखरेच्या पाण्यातून उजेड नेला तर तसंच होतं. पण चुंबक येणारा-जाणारा बघत नाही. तो कार्डाला त्याच बाजूला आणखी पंचेचाळीस अंश कलवतो. कार्ड पुरतं उभं, फट आडवी, काम संपलं.

"म्हणजे गेलेल्याला परत यायचं झालं तर हा त्याला सरळ करायच्याऐवजी आणखी वाकडा करतो," आई म्हणाली.

"तसंच."

"चांगला आहे मेला."

दादाचं काम याच्याच वरच्या मजल्यावरचं होतं. तो पीएचडी करत होता. उजेडाचा एकेक कण मोजणारी उपकरणं, आणि इतका बारीक उजेड वाढवायचा कसा, तोही एकाच बाजूला, हे गणित. महिन्याला त्याचं पातळ हवाई पाकीट यायचं. त्यात दोन कागद असायचे, एक आईला, एक मला. कागद इतका पातळ की मागचं पुढे उमटायचं, म्हणून तो एकाच बाजूला लिहायचा. आईच्या कागदावर 'तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार' इथपासून 'कळावे, तुझा' इथपर्यंत सगळं रीतसर. माझ्या कागदावर थेट आकृती.

आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. अक्षरं हलतात म्हणायची. त्यामुळे पत्र मी वाचायचो. वाचून झालं की घडी तिच्या हातात द्यायची, आणि ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून झाकण दाबायची. तो डबा तिच्या कॉटखाली असायचा. मी तो कधी उघडला नाही. आमच्या घरात दुसऱ्याची पत्रं उघडायची नाहीत अशी शिस्त होती, आणि त्या शिस्तीचा मला तेव्हा अभिमान वगैरे होता.

मग आईच्या पोटात गाठ निघाली.

दवाखान्यातून परत येताना रिक्षात तिनं माझा हात धरला आणि एकच वाक्य बोलली, "त्याचं होईपर्यंत त्याला कळवायचं नाही." कारण मला माहीत होतं. वडील गेले तेव्हा दादाची एमएस्सीची परीक्षा चालू होती. आईनं तार करवली, तो दोन पेपर टाकून आला आणि त्याचं वर्ष गेलं. त्या वर्षाबद्दल दादा एक शब्द बोलला नाही. आईनं मात्र स्वतःला माफ केलं नाही. आता त्याचा प्रबंध शेवटच्या टप्प्यात होता. एक-दीड वर्ष, असं तो लिहीत होता. डॉक्टर त्याहून कमी सांगत होते.

मी हो म्हणालो. चटकन हो म्हणालो, हे इथं लिहायला हवं. दादा आला असता तर घरात पुन्हा दादाच असता आणि मी औषधं आणणारा धाकटा. त्या वर्षी आई माझी एकट्याची होती. हे मला आवडत होतं, आणि ती दुखण्यानं अर्धी होत असताना आवडत होतं. आज या वाक्याची मला किळस येते, पण ते खरं आहे.

तर मी मध्ये बसलो. आईच्या वतीनं लिहायचो, 'इकडील सर्व क्षेम. तुझे क्षेम कळवीत जावे.' आई सांगायची, मी लिहायचो, आणि दोघांपैकी कुणीही हसायचं नाही. तिकडून येणारं मात्र सगळं आत येऊ द्यायचो. उलट वाढवून आत सोडायचो. कारण दादाची पत्रं बारीक होत चालली होती. प्रबंधानं त्याला खाल्लं होतं. माझ्या कागदावर चुंबकांची चार-चार समीकरणं, आणि आईच्या कागदावर तीन ओळी: थंडी आहे, काम आहे, काळजी घे. तेवढ्या तीन ओळींवर आई कॉटवरून नुसती बघत राहायची, अजून काही आहे का म्हणून. मग मी वाचता वाचता एक ओळ जास्त घातली. 'आई, परवा स्वप्नात आपला गॅलरीतला कठडा दिसला.' तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून पुढच्या महिन्यात दोन ओळी घातल्या. नंतर पाच.

योगायोग असा की त्याच सुमारास दादानं मला अ‍ॅम्प्लिफायरबद्दल लिहिलं होतं. तो म्हणे कधीच फक्त वाढवत नाही. जेवढं वाढवतो तेवढी स्वतःची खरखरही घालतो, ती काढून टाकता येत नाही, तो निसर्गाचा कायदा आहे. इतकंच काय, आत काही दिलं नाही तरी तो गप्प बसत नाही, आपलंच काहीतरी बाहेर टाकत राहतो. मी ते वाचून मान डोलावली. माझ्याबद्दल काही आहे असं मला वाटलं नाही.

एकदा सहा आठवडे पत्रच आलं नाही. सातव्या आठवड्यात पाकीट आलं आणि आत एकच कागद होता, माझा. मी महिनाभर ज्याच्यापुढे डोकं आपटत होतो त्याचं उत्तर. आमच्या आयसोलेटरमधून उलटा उजेड थोडा गळत होता. काही केल्या कार्ड पूर्ण उभं राहत नव्हतं, कारण चुंबकाचा जोर कांडीच्या टोकांना कमी पडायचा. दादानं लिहिलं होतं, शेजारशेजारची कडी एकमेकांकडे तोंड करून बसव, एकमेकांना ढकलू देत, म्हणजे मधला जोर वाढून टोकांची तूट भरून निघेल. आणि खाली पानभर गणित. आनंदानं मी उडालोच असतो, पण आईनं विचारलं, "मला काय लिहिलंय?"

मी तोच कागद समोर धरला आणि चुंबकांच्या आकृतीकडे बघत आईला पत्र वाचून दाखवलं. अख्खं पत्र. तीर्थरूप आईसपासून कळावेपर्यंत. तुझ्या हातचं जेवण आठवतं, असं म्हणालो. मग कुठलं, हे सांगायला हवं म्हणून पटकन म्हणालो, 'रविवारी तू जवळा भाजून चटणी करायचीस, तो वास इथं मध्येच येतो आणि भूक लागते.'

आईनं हात पुढे केला. मग म्हणाली, "दे इकडे."

आकृती मी वहीत उतरवून घेतली आणि तो कागद तिला दिला. तिला कुठे दिसतंय, हा माझा हिशेब. झाकण दाबल्याचा आवाज झाला.

तीन-चार दिवसांनी सकाळी निघताना तिनं मला हाक मारली. तेव्हा ती उठायची बंद झाली होती, आवाजही खोल गेला होता. स्वयंपाक शेजारच्या मावशी करून द्यायच्या. त्या ठाण्याच्या खाडीवरच्या कोळीवाड्यातल्या, लग्न होऊन वसाहतीत आलेल्या.

आई म्हणाली, "आज डबा उघडून बघ."

"बरं."

"नीट बघ. विसरू नको."

दुपारी गाळ्यात मी डबा उघडला. पोळ्यांच्या बाजूला जवळ्याची चटणी होती. मावशींनी माहेराहून आणलेला सुका जवळा, कांदा-लसणीत चुरचुरीत भाजलेला. किती महिन्यांनी खात होतो. मालकांनी नाक मुरडलं, खिडकी उघडली, आणि मला त्याची मजा वाटली. संध्याकाळी घरी पोचल्यावर मी चप्पल काढायच्या आत आईनं विचारलं, "बघितलास डबा?"

"बघितला की. एकदम मस्त."

ती माझ्याकडे बघत राहिली. "मग? काय ठरवलंस?"

"ठरवायचं काय त्यात? उद्या पण दे."

तिनं हळूहळू कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, दुखतंय. मी पाठीवरून हात फिरवला. तिनं तो झटकला नाही, धरलाही नाही. त्या दिवसापासून पत्र वाचून दाखवू का म्हटलं की ती नको म्हणायची. तुझं तूच वाच, म्हणायची. दुखण्यानं चिडचिडी झाली, असं मी मावशींना सांगितलं.

त्यानंतर ती नऊ आठवडे होती. नऊ आठवड्यांत तार गेली असती, माणूस आला असता, पंधरा दिवस राहून परतही गेला असता. मी त्या नऊ आठवड्यांत चुंबकाची कडी उलटसुलट बसवत होतो. गळती थांबली. मालकांनी स्वतः उजेड उलटा सोडून बघितला, पलीकडे पडद्यावर काही दिसलं नाही, आणि ते त्यांच्या मऊ आवाजात म्हणाले, "अहो, काम चोख झालंय." मी धातूच्या नळीवर बाण कोरला, उजेडानं कुठल्या बाजूला जायचं त्याचा. त्याच आठवड्यात आई गेली.

तार मी केली. दादा निघाला, तोवर इकडे सगळं उरकलं होतं. तिसऱ्या दिवशी तिची कॉट हलवताना तो पत्र्याचा डबा पायाला लागला. आता विचारायला कुणी नव्हतं, म्हणून मी तो उघडला.

वर एक भिंग होतं. आमच्याच गाळ्यातलं, कडेला चरा गेलेलं म्हणून बाद केलेलं. तांदूळ निवडायला होईल म्हणून मीच तिला आणून दिलं होतं. भिंगाखाली पत्रं होती. प्रत्येक पत्रात जिथं दादाच्या ओळी संपत होत्या तिथं तिनं बॉलपेननं एक आडवी रेघ मारली होती, आणि रेघेखाली तिच्या चौथीपर्यंतच्या अक्षरात माझी वाक्यं. गॅलरीतला कठडा. सगळी. मी कामावर गेलो की दुपारी ती भिंग लावून पत्रं वाचायची, आणि तिथं जे नाही ते आठवून आठवून लिहून ठेवायची. एकही वाक्य तिनं सोडलं नव्हतं.

पत्रांत सगळ्यात वर तो चुंबकांचा कागद होता. त्याच्या पुढच्या बाजूला तिनं हात लावला नव्हता. मागे दाबून दाबून लिहिलं होतं:

'जवळा तुला आवडतो. दादा त्या वासानं घराबाहेर जायचा. सगळे कळले. मी रागावले नाही. पण आता त्याला कळव. मला त्याला बघायचे आहे.'

मी ते बसून वाचलं, उभं राहून वाचलं. मग मावशींकडे गेलो आणि विचारलं, त्या दिवशी चटणी का केलेली.

मावशी म्हणाल्या, "तुजे आयशीनंच सांगलेलं मना, त्याच्या डब्यान जवला घाल. बोलली, त्याला कलंल. आनी हसली जराशी."

चटणी ही तिची मस्करी होती. पकडलं तुला, एवढंच सांगायचं होतं तिला जवळ्यातून. बाकीचं कॉटखालच्या डब्यात होतं. मला डबा म्हटल्यावर खायचा डबाच दिसला, आणि तिला वाटलं की मी वाचलंय. वाचून, मस्त म्हणून, दादाला न कळवायचं ठरवलंय. पुन्हा विचारणाऱ्यातली ती नव्हतीच. माझ्या आईनं शेवटचे नऊ आठवडे असं समजून काढले की तिच्या धाकट्या मुलानं तिला नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दादा आला. त्याआधी मी तो कागद डब्यातून काढून माझ्या वहीत ठेवला.

त्यानं बॅग खाली ठेवायच्या आधी विचारलं, "किती दिवस होतं हे?"

"चौदा महिने."

"चौदा महिने," तो म्हणाला. मग बॅग खाली ठेवत, "आणि तू मला क्षेम लिहीत होतास."

"तिनंच सांगितलेलं. तुझं होईपर्यंत नाही म्हणून."

"शेवटपर्यंत तेच म्हणत होती?"

मी म्हणालो, "हो."

हे एवढंसं अक्षर बोलायला काहीच वेळ लागला नाही. तेव्हा मनात आलं होतं की आत्ता तो खचलाय, नंतर सांगू. खोटं आहे हे. मला भीती वाटली, बस.

त्यानं डबा उघडला, पत्रं चाळली, रेघांखालचं वाचलं. "हे मी लिहिलेलं नाही."

"मी तिला वाचून दाखवलेलं आहे."

तो कितीतरी वेळ वाचत होता. मला वाटलं ओरडेल. पण तो म्हणाला, "मी खरंच हे लिहायला हवं होतं रे," आणि लहानपणी रडायचा तसा, तोंड उघडं टाकून रडला. मी त्याच्या शेजारी बसलो होतो आणि माझ्या वहीत तो कागद होता. डबा तो घेऊन गेला. मी म्हणालो, ने, तुझाच आहे.

तो परत गेला, प्रबंध झाला, नोकरी लागली. आम्ही पत्रं लिहीत राहिलो, बहुतेक चुंबकांची. त्या वस्तूचे मी पुढे कितीतरी नमुने बनवले, आणि प्रत्येकावर बाण माझ्या हातानं कोरला. काही वर्षांनी त्यानं लिहिलं की जुन्या वह्या घर बदलताना गेल्या, तुला पाठवलेल्या त्या कड्यांच्या गणिताचा कागद असेल तर मला हवाय. मी कल्याणला कामासाठी गेलो होतो तेव्हा स्टेशनबाहेरच्या दुकानात त्याची झेरॉक्स काढली. दुकानदारानं विचारलं, दोन्ही बाजू? मी म्हणालो, एकच. घरी आणून ती न बघताच पाकिटात घातली.

महिन्यानं त्याचं उत्तर आलं. गणित मिळालं, आभार वगैरे होतं. आणि खाली एक ओळ होती: 'मागून काहीतरी उमटलंय, उलटं, लागत नाही. पण अक्षर आईचं आहे ना? काय लिहिलंय तिनं?'

तो मूळ कागद मी खिडकीशी उजेडाला धरला. कागद पातळ आणि तिनं दाबून लिहिलेलं, त्यामुळे गणिताच्या ओळींमधून तिची अक्षरं मागून पुढे येत होती. पुरती नाही, पण येत होती. मी नवीन कागद घेतला आणि दादाला उत्तर लिहिलं.

'आईचंच अक्षर आहे. वाणसामानाची यादी आहे. इकडील सर्व क्षेम. कळावे.'